घरातली गोष्ट चौकात

‘मुलगी झाली हो’ हे नाटक १९८३ साली आलं. लिहिलं ज्योती म्हापसेकरांनी, उभं केलं स्त्री मुक्ती संघटनेने. ही संघटना १९७५ सालची. पडदा नाही, नेपथ्य नाही, गाणी भरपूर आणि कामं करणाऱ्या संघटनेच्याच बायका. जिथे जागा मिळेल तिथे प्रयोग. महाराष्ट्रभर शेकडो प्रयोग झाले, इतर भाषांतही ते गेलं. मुलगी जन्मली की घरात पडणारे चेहरे, तिचं शिक्षण, हुंडा, असं सगळं घरातलं त्या बायकांनी उचलून चौकात आणून ठेवलं.

हे नाटक बघून कोणी म्हणालं नसेल की बघा, हिंदू लोक आपल्या बायकांना असं वागवतात. लोकांनी बघितली ती बायकांवरच्या अन्यायाची गोष्ट. ‘आपल्याही घरात हेच’ म्हणत बघितली. मला हेवा वाटतो तो याचा. आमच्या घरातली अशीच गोष्ट चौकात आणली की ती बाईची राहतच नाही, लगेच मुसलमानांची होते. अर्धे लोक ‘आम्ही म्हणत नव्हतो?’ म्हणतात. उरलेल्या अर्ध्यांत आपले असतात आणि ते म्हणतात, गप्प बसा, लोक बघतायत. या दोन अर्ध्यांच्या मध्ये जी बाई उभी आहे, तिचं ऐकायचं राहून जातं.

हमीद दलवाईंची आठवण आपण सुधारक म्हणून काढतो. १८ एप्रिल १९६६ ला त्यांनी सात मुस्लिम बायकांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. २२ मार्च १९७० ला पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. पण हा माणूस आधी कथाकार होता. त्यांची ‘इंधन’ ही कादंबरी वाचताना कोकणातल्या गावातला मुसलमान जसा दिसतो, तसा त्यांच्या भाषणांत दिसत नाही. भाषणात तो ‘समाज’ होऊन जातो. दलवाईंवर रागावलेले पुष्कळ लोक मला भेटलेत, त्यातल्या फार थोड्यांनी त्यांच्या कथा वाचल्या होत्या. मंडळाचे सय्यदभाई यांचंही तसंच. त्यांच्या आयुष्यभराच्या कामाची सुरुवात तोंडी तलाक झालेल्या बहिणीपासून झाली. मुळात ती एका भावाने सांगितलेली बहिणीची गोष्ट आहे.

मुसलमानाला मराठी मंचावर जागाच नव्हती असं मात्र म्हणता येणार नाही. बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल म्हणजे शाहीर अमर शेख. १९४४ साली अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक उभारलं. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांच्या आवाजावर मैदानं भरायची. या आवाजाची जात कुठली हे गिरणगावाने विचारलं नाही. तरी एक गोष्ट मला टोचते. मंचावर मुसलमान आला तो कामगार म्हणून आला. त्याचं घर, त्याची बायको, तिची मोरी, तिचं मेहर हे सगळं बाहेरच राहिलं. अमर शेखांना दोष देण्यात अर्थ नाही, ती लढाई वेगळी होती. पण आज वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहाच्या बाहेर लागलेल्या जाहिराती बघताना मी मनाशी आठवून बघते. मुसलमान घर केंद्रस्थानी असलेलं, बायका त्यात माझ्या अम्मीसारखं अर्धं मराठी अर्धं दखनी बोलतात असं एकही नाटक मी तिथे पाहिल्याचं मला आठवत नाही.

म्हणून आम्ही सातआठ जणींनी वीस मिनिटांचं एक पथनाट्य बसवलं. कॉलेजात जाणाऱ्या पाच मुली, एक निवृत्त उर्दू शिक्षिका, एक शिलाईकाम करणारी आणि मी. तालमी एका इमारतीच्या गच्चीवर, मगरीब आणि इशाच्या मधल्या वेळात.

विषय तलाकचा नव्हता, तलाक न देण्याचा होता. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्द ठरवला. २०१९ च्या कायद्याने तो गुन्हा झाला, तीन वर्षांपर्यंत कैद. आमच्या आसपास काही पुरुषांनी यातून वेगळीच वाट काढली. तोंडातून काहीच बोलायचं नाही. बायकोला ‘चार दिवस माहेरी जा’ म्हणून पाठवायचं आणि आणायला जायचंच नाही. ना तलाक, ना खर्च. तिच्या हातात पुरावा म्हणून एक शब्दही नाही. आमच्या नाटकातली रुबिना अशी दीड वर्षं भावाच्या घरात अडकलेली आहे.

ब्राझीलच्या ऑगस्तो बोआल यांनी रूढ केलेली एक पद्धत आम्ही उचलली. गोष्ट अडते तिथे नाटक थांबवायचं आणि बघणाऱ्यांना विचारायचं, आता हिने काय करावं? ज्याला सुचेल त्याने पुढे येऊन रुबिनाच्या जागी उभं राहायचं. तुर्भ्याच्या एका वस्तीत पहिला प्रयोग झाला तेव्हा आधी कोणी उठेना. मग मागून साठीच्या एक खाला आल्या, ओढणी कमरेला खोचली आणि नवरा झालेल्या मुलीला म्हणाल्या, “पयले मेरा निकाहनामा दे. उसमें मेहर कित्ता लिख्या है वो दिखा. फिर बात कर.”

हशा झाला, मग एकदम शांतता. आम्ही विचारलं, कोणाकोणाकडे स्वतःचा निकाहनामा आहे? मोजके हात वर झाले. बाकीच्यांचा सासरच्या कपाटात. लिहून ठेवलेल्या आमच्या शेवटापेक्षा खालांचा शेवट चांगला होता, पुढच्या प्रयोगापासून आम्ही तोच ठेवला. त्यात एक भर घातली. १९३९ च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्यानुसार नवऱ्याने दोन वर्षं खर्च दिला नाही, तर बायको कोर्टात जाऊन निकाह संपवू शकते. कायदा ऐंशी वर्षांहून जुना, आणि त्या गर्दीत तो कोणाला माहीत नव्हता. तलाक न मिळालेली बाई पोटगी मागू शकते, हेही बहुतेकींना नवीन होतं.

विरोध झाला, पण शिव्यागाळ झाली नाही. जमातीतले एक बुजुर्ग प्रयोगानंतर थांबले. म्हणाले, “बेटी, बात सही है. पण चार भिंतींतलं रस्त्यावर कशाला? उद्या हेच टीव्हीवर दाखवतील.” त्यांची भीती खोटी म्हणण्याची माझी तयारी नाही. सफदर हाश्मींवर १ जानेवारी १९८९ ला साहिबाबादजवळ झंडापूरला प्रयोग चालू असताना हल्ला झाला आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. ते नाटक मजुरांच्या हक्कांचं होतं. आमच्या वाट्याला अजून लाठी आलेली नाही. आमची धास्ती मोबाइलची. वीस मिनिटांतली तीस सेकंदं, त्यात नवरा झालेली मुलगी टोपी घालून रुबिनावर ओरडते आहे, तेवढीच कापून कोणी फिरवली की खाला, निकाहनामा, सगळं गेलं. म्हणून सुरुवातीलाच हात जोडून सांगतो, फोन पिशवीत ठेवा. चित्रीकरण आम्हीही करत नाही. प्रसिद्धी मिळत नाही ती नाही. त्या बुजुर्गांना हे सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, “फिर मस्जिद के पीछेवाला मैदान ले लो, उधर सावली आहे.”

त्या मैदानातल्या प्रयोगाला शेजारच्या चाळीतल्या काही मराठी बायका येऊन बसल्या. एक जण नंतर म्हणाली, “माझ्या पुतणीचं अगदी हेच झालंय हो. सोडचिठ्ठी देत नाही आणि नेतही नाही.” त्या रात्रीपासून आमच्यात वाद चालू आहे. मुलींचं म्हणणं, रुबिना नाव काढून टाकू, कुठलंच नाव नको, म्हणजे सगळ्यांना आपली वाटेल. माझं म्हणणं, त्या बाईला रुबिना नाव असतानाच ती आपली वाटली ना? मग नाव कोणासाठी काढायचं? उर्दूच्या बाई मुलींच्या बाजूने आहेत, शिलाईवाली माझ्या. पुढचा प्रयोग नेरुळला आहे. सध्या नाव तेच ठेवलंय.