कॉम्प्रेसर आणि कारणमीमांसा

मे महिन्यात इंदूरच्या रस्त्यांवरून मोटारीच्या काचा उतरवून हिंडणे ज्यांना जमते त्यांनी अवश्य हिंडावे. आमच्या घरी ते जमत नाही. सौभाग्यवतींना कित्येक वर्षांचा दमा आहे. ४२ अंशांच्या दुपारी उघड्या काचेतून येणारी धूळ त्यांना डॉक्टरांच्या दारापर्यंत धड पोहोचू देईल की नाही, हीच धास्ती. तेव्हा आमच्या चौदा वर्षांच्या गाडीतील वातानुकूलन ही चैनीची बाब नव्हे, एवढे प्रारंभीच नोंदवून ठेवतो.

ते यंत्र एके दिवशी किंचाळले, जळक्या रबराचा वास आला आणि कॉम्प्रेसर जागीच अडकला. कार्यशाळेने निवृत्तिवेतनाच्या निम्म्याहून अधिक रकमेचा अंदाज हाती ठेवला. ‘कॉम्प्रेसर बदलणे’ एवढाच शेरा. तो का गेला, याविषयी अवाक्षर नाही. कारणाविना आलेला प्रस्ताव मंजूर करण्याची सवय आम्हांला नोकरीत कधी लागली नाही, ती आता कुठून लागणार?

कारण छावणीतल्या एका वयस्क मिस्त्रीने दाखवले. गाडीपुढे उकिडवे बसून त्याने कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्यातील तेलकट, धूळ चिकटलेला डाग बोटाने पुसला आणि म्हणाला, “बाबूजी, कंप्रेसर अपने आप नहीं मरता.” वातानुकूलनातील वायू पेट्रोलासारखा खर्च होत नाही, तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. दर उन्हाळ्यात तो भरावा लागतो याचा अर्थ तो कुठूनतरी गळतो. कॉम्प्रेसरचे वंगणही त्याच वायूबरोबर फिरते. वायू घटला की वंगण पुरेसे परत येत नाही आणि आतले भाग कोरडे घासू लागतात. त्याच कार्यशाळेने सलग तीन उन्हाळे आमच्या गाडीत वायू भरला होता, पैसे घेतले होते आणि गळती मात्र एकदाही शोधली नव्हती. याला दुरुस्ती म्हणावे की हप्तेबंदी, ते वाचकांनीच ठरवावे.

मग काम घरच्या अंगणातच करायचे ठरले. नटबोल्ट आमचे, वायूचे यंत्र मिस्त्रीचे. ही वाटणी हौसेने केलेली नाही. आर-१३४ए हा वायू ओझोनला अपाय करत नाही हे खरे. परंतु पृथ्वी तापवण्यात तो, शंभर वर्षांच्या हिशेबाने, कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट प्रभावी मानला जातो. गाडीतला अर्धा किलो हवेत सोडणे म्हणजे सातशे किलोंचा बोजा. शिवाय तो उणे २६ अंशांना उकळतो. हातावर उडाला तर कातडी गोठते. घरी काम करणाऱ्याने नळी सैल करून ‘फुस्स’ आवाज ऐकण्याचा मोह टाळावाच. उरलेला वायू मिस्त्रीने यंत्राने टाकीत ओढून घेतला, त्यानंतरच आम्ही पान्याला हात लावला.

बॅटरीची ऋण तार काढली, पट्टा सैल केला, दोन्ही नळ्या सोडवून त्यांची तोंडे लगेच झाकली, चार बोल्ट काढले. सांगण्यासारखे त्यात एवढेच. खरे काम पुढे आहे, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. जुन्या कॉम्प्रेसरमधील तेल पांढऱ्या बशीत ओतून उन्हात पाहिले. काळपट होते, पण धातूची चमक नव्हती. चमक असती तर तो चुरा सगळ्या नळ्यांत गेला असे समजून सफाई करावी लागली असती. कंडेन्सर तर गळका म्हणून बदलायचाच होता. ओलावा शोषणारा ड्रायरही नवा घेतला, कारण एकदा हवा लागली की तो निकामीच. नवे तेल मोजून घातले आणि डबा ताबडतोब बंद केला. हे तेल हवेतले पाणी हावरटासारखे पिते, म्हणून हा उद्योग पावसाळ्यात करू नये. रबरी कड्यांना तेलाचे बोट लावून बसवले आणि कॉम्प्रेसरचा आस हाताने दहा-बारा वेळा फिरवला.

पाऊण तास निर्वात पंप चालला. काटा २८ इंचांवरच थांबला तेव्हा शेजारच्या उत्साही तरुणाने ‘गळती!’ म्हणून जाहीर केले. मिस्त्री हसला. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच. इथल्या हवेचा दाबच सुमारे तेवढा, मुंबईचे २९-३० इंच इथे कुठून येणार? झडपा बंद करून अर्धा तास वाट पाहिली. काटा हलला नाही. मग बॉनेटखालच्या चिठ्ठीवर लिहिलेल्या वजनाइतकाच वायू, काट्यावर तोलून भरला.

पुढच्या गुरुवारी भर दुपारी आम्ही उभयता डॉक्टरांकडे गेलो. काचा बंद, झरोक्यापाशी धरलेल्या तापमापकावर दहा अंश. सौभाग्यवती वाटेत थोडा वेळ झोपल्या. जुना कॉम्प्रेसर भंगारवाल्याने ॲल्युमिनियमच्या भावाने घेतला. आत लोखंड आहे म्हणून वजनात थोडी घट धरली, आणि तीबद्दल आम्ही वाद घातला नाही.