मांजरेकाठचे साहेब

साहेब, तुम्हाला जाऊन तपाहून जास्त काळ लोटला, तरी लातुरात नुसतं ‘साहेब’ म्हटलं की पुढं विलासराव जोडावं लागत नाही. १४ ऑगस्ट २०१२ ला दुपारी चेन्नईहून ती बातमी आली. दुसऱ्या दिवशी स्वातंत्र्यदिन. झेंडावंदन उरकून माणसं तशीच तुमच्या गावाच्या, बाभळगावच्या वाटेला लागली. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी, १६ तारखेला, लातूर जिल्ह्याला तीस वर्षं पुरी होत होती. ज्या जिल्ह्यानं तुम्हाला मोठं केलं आणि ज्याला तुम्ही मोठं केलंत, त्याचा वाढदिवस सुतकात गेला.

२६ मे १९४५ ला तुमचा जन्म झाला, तेव्हा हा मुलूख निजामाचा होता. देशमुखांच्या घरात जमीन, मान आणि माणसांचा राबता वारशानंच येतो. पण मराठवाड्यातल्या कितीतरी गढ्या आमच्या डोळ्यांदेखत बसल्या. कूळकायदा आला, सीलिंग आलं, भावकीच्या वाटण्या झाल्या. बुरुज पावसाळ्यागणिक खचत गेले आणि त्यांची पांढरी माती गावानं टोपल्यांनी उचलून आपापल्या माळवदावर पसरली. तुम्ही पुण्यात वकिली शिकून परत आलात आणि गावचे सरपंच झालात. पिढ्यान् पिढ्या ज्यांच्या दारात गाव गेलं, त्या घरातला माणूस मत मागायला गावाच्या दारात गेला. तुमच्या पुढच्या सगळ्या राजकारणाचं मूळ मला तिथं दिसतं.

तुमची खरी गुंतवणूक म्हणजे मांजरा साखर कारखाना. ज्वारी, तूर, करडई आणि आभाळाकडं लागलेले डोळे, एवढीच इथली शेती होती. त्यात ऊस आला आणि हातात हमखास पैसा आला. हंगाम सुरू झाला की पहाटेच्या थंडीत उसाच्या गाड्या काट्यावर रांगेत उभ्या, हवेत मळीचा आंबूस वास, आणि वजनाची पावती घडी करून बंडीच्या आतल्या खिशात ठेवणारा सभासद. ती पावती तो घरी जाऊन बायकोला दाखवायचा. कारखान्यात आपला शेअर आहे, म्हणजे आपणही मालक आहोत, हे त्याला वाटायचं आणि ते खरंही होतं. मांजरा चोख चालला, उसाला चांगला भाव देत राहिला. त्या बिलातून विहिरी बांधल्या गेल्या, लग्नं झाली, लातूरच्या कॉलेजात शिकणाऱ्या पोरांच्या खोल्यांची भाडी भरली गेली. शिक्षणातल्या लातूर पॅटर्नचं कौतुक करताना त्यामागचा हा गोडवा कुणी फारसा मोजत नाही.

तरी १९९५ च्या विधानसभेला याच लातूरनं तुम्हाला पाडलं. पुढच्या वर्षी विधान परिषदेला अर्ध्या मतानं हरलात. दुसरा असता तर कडू झाला असता. तुम्ही पुन्हा मतदारसंघात फिरलात, आणि १९९९ च्या ऑक्टोबरात मुख्यमंत्री झालात. दोनदा ती खुर्ची मिळाली आणि दोन्ही वेळा मुदतीआधी सोडावी लागली. मुंबईवरच्या २००८ च्या हल्ल्यानंतर ताज हॉटेलात जाताना सोबत कोण आहे, याचं भान राहिलं नाही, ते चुकलंच. तुमच्याच काळात विदर्भात शेतकरी गळफास घेत होते, तेही विसरता येत नाही. शोक करताना हे वगळलं, तर तो शोक तुमच्या पोस्टरचा होईल.

पण माझं दुःख वेगळं आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा लातूरची माणसं घागरी घेऊन रात्र-रात्र जागत होती. त्याआधी पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदी लावावी लागली होती. मांजरेवरचं धनेगावचं धरण कोरडं पडलं होतं. पाऊस तर कमी होताच. पण वर्षानुवर्षं उसानं किती पाणी ओढलं, हेही तेव्हा उघडं पडलं. ज्या पिकानं घरं उभी केली, त्यानंच बोअर दोनशे-तीनशे फुटांवरून खाली-खाली नेले.

ऊस कमी करा, असं तेव्हा अनेकांनी सांगितलं. अधिकाऱ्यांनी सांगितलं, पुण्यामुंबईच्या तज्ज्ञांनी सांगितलं. शेतकऱ्यानं ऐकून घेतलं आणि खोडवा राखला. त्याचं तरी काय चुकलं? ऊस सोडून सोयाबीन घ्यावं, तर त्याचा भाव कुणाच्या हातात आहे? ऊस कमी करा, हे सांगायचा अधिकार ज्याच्यापाशी होता, तो माणूस चार वर्षांपूर्वीच गेला होता. ज्यानं ऊस लावायला सांगितलं आणि सांगितलेला पैसा खरोखर दिला, त्याच्याच तोंडून ‘आता निम्म्या रानात तूर घ्या, भावाचं मी बघतो’ हे लोकांनी ऐकून घेतलं असतं. कारखान्याच्या वार्षिक सभेत, मांडवाखाली, तुमच्या त्या हसऱ्या, सावकाश बोलण्यात. पहिल्यांदा सभा चिडली असती. मागच्या रांगेतून कुणी उठून ओरडला असता. तुम्ही त्याला नावानं हाक मारून खाली बसवलं असतं, आणि मग पाण्याचा हिशोब मांडायला घेतला असता.