चौघांचा सोबती

पबजीला एकट्या माणसाची संगत फारशी मानवत नाही. त्याला चौघे लागतात, आणि तेही सतत बोलणारे. परभणी जिल्ह्यात रात्रीची जेवणं उरकली की तो हजर. एक जण पाथरीत गच्चीवर, दुसरा गंगाखेडला बहिणीकडे, तिसरा सेलूत दुकानाचं शटर ओढून, चौथा पुण्यात हॉस्टेलवर. विमानातून शंभर जण पॅराशूटने उतरतात आणि पुढे अर्धा तास ‘पलीकडल्या घरात हाय बघ’, ‘गोळी लागली, उचल की रे मला’ हेच चालतं. पडलेल्याला उठवायचं तर सोबत्याला काही सेकंद त्याच्याजवळ बसून राहावं लागतं. तेवढ्या वेळात त्याच्यावरही नेम धरता येतो. तरी तो बसतो. या खेळाचं खरं बळ मला त्या काही सेकंदांत दिसतं.

त्याचे थोरले भाऊबंद, म्हणजे एकेक पात्र होऊन खेळायचे ऑनलाइन खेळ, इकडे रुळले नाहीत. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ २००४ सालचा. त्यात आपलं पात्र महिनोन्‌महिने घडवायचं, दरमहा पैसे भरायचे, आणि मोठ्या मोहिमेला तेव्हा चाळीस जण एका वेळी जमवायचे. भारनियमनाचं वेळापत्रक बघून दळण गिरणीत न्यायचं, अशा गावात ती मोहीम तडीस कशी जावी? आधी घरात संगणक तर हवा. पबजी मार्च २०१८ मध्ये मोबाइलवर आला तो स्वस्त डेटाच्या दिवसांत. लाइट गेली तरी चार्ज केलेल्या फोनवर डाव पुरा व्हायचा.

त्याच्या खोडी वाईट आहेत. अभ्यासाला बसलेलं पोर तो उठवून नेतो, आईने वाढलेलं ताट गार करतो. बंदुकीला, कपड्यांना रंगीत स्किन विकतो. पण ती घेऊन नेम काही सुधारत नाही, आणि ते बरंच आहे. पैसेवाल्याला जिंकणंच विकत मिळू लागलं, की बाकीची पोरं खेळ सोडतात आणि मग पैसेवाल्यालाही तिथे करमत नाही.

२ सप्टेंबर २०२० ला सरकारने ११८ ॲप बंद केले, त्यात तो गेला. जुलै २०२१ मध्ये ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ नावाने परतला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा हद्दपार झाला, मे २०२३ मध्ये पुन्हा आला. पोरांनी त्याला पबजीच म्हटलं.

‘वॉरक्राफ्ट’सारख्या खेळात पात्र आपली सगळी कमाई अंगावर बाळगतं. पबजीत डाव संपला की मिळवलेली हत्यारं गेली, पुढच्या वेळी पुन्हा रिकाम्या हातांनी उतरायचं. कोणी कोणाला वाचवलं हे लक्षात ठेवायचं काम त्या चौघांचं. म्हणून पुण्यातला नोकरीला लागून रात्रपाळीत अडकला की ती जागा कोणाकडूनही भरून निघत नाही. खेळ आपणहून एक अनोळखी भिडू द्यायला तयार असतो. पोरं तो पर्याय बंद करतात आणि समोर चौघाचौघांच्या टोळ्या असताना तिघंच उतरतात.