नवापूरचा तांदूळ आणि निळा हिरा

नवापूरचे रेल्वे स्टेशन पाहिले नसेल तर एकदा मुद्दाम उतरून पाहावे. तिकीटखिडकी महाराष्ट्रात आणि स्टेशन मास्तरांची खोली गुजरातेत! फलाटावरच्या एका बाकावर दोन राज्यांची सीमा आखलेली आहे. नवरा-बायको शेजारी बसली, तरी एक महाराष्ट्रात आणि दुसरे गुजरातेत.

गेल्या मार्गशीर्षात भाताची झोडणी बघायला मी त्या बाजूला गेलो होतो. परतताना सुरतेहून आलेल्या गाडीत चढलो, तर समोरच शहाद्याकडचे ओळखीचे पपई बागायतदार. वयाने मोठे, म्हणून मी त्यांना आप्पा म्हणतो. हातात एक लखोटा, आणि चेहरा उतरलेला.

ते का, हे सांगण्याआधी या वाटेविषयी थोडे सांगतो. सुरत, बारडोली, नवापूर, नंदुरबार, थाळनेर, बऱ्हाणपूर ही मोगलांच्या काळातली व्यापाराची वाट. साडेतीनशे वर्षांपूर्वी जाँ बाप्तिस्त तावेर्निए नावाच्या फ्रेंच जवाहिऱ्याने ती लिहून ठेवली. त्याचे प्रवासाचे पुस्तक १६७६ साली पॅरिसला छापले गेले. नवापूरला तो नवापुरा म्हणतो आणि नंदुरबारला नसरबार. गंमत अशी, की हिऱ्यांचा हा व्यापारी नवापुरात आल्यावर लिहितो तांदळाविषयी. दाणा नेहमीच्यापेक्षा बारीक, शिजल्यावर बर्फाहून पांढरा, आणि वास कस्तुरीचा. इराणात कोणाला भेट द्यायची तर या तांदळाचे पोते न्यावे, असे तो सांगतो. आम्हा शेतीखात्यातल्या माणसांना याहून चांगले प्रशस्तिपत्रक कुठे मिळणार?

याच तावेर्निएने हिंदुस्थानातून एक मोठा निळा हिरा नेला आणि १६६८ च्या सुमारास फ्रान्सच्या चौदाव्या लुई राजाला विकला. तो कृष्णाकाठच्या कोल्लूर खाणीतला मानतात. १७९२ साली तो चोरीला गेला. पुढे नव्याने पैलू पाडलेला ४५.५२ कॅरटचा होप हिरा म्हणून तो जगाला माहीत झाला, आणि १९५८ पासून वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. हिरा नवापुरावरून गेला असे मी म्हणत नाही. माणूस गेला, एवढे नक्की.

आता आप्पांचा लखोटा. दोन वर्षांपूर्वी पपईचे पैसे हातात आले, तेव्हा मुलीच्या लग्नासाठी त्यांनी निळ्या हिऱ्याची अंगठी घेतली. कोणत्या दुकानातून, ते इथे सांगत नाही. अंगठी सैल झाली म्हणून सोनाराकडे दिली. त्याने डाग देताना ज्योत लागली आणि निळा खडा हिरवट-पिवळट झाला. सासरी कुजबुज सुरू झाली, की बापाने काच दिली. मुलगी रडत माहेरी आली. म्हणून आप्पा खडा सुरतेच्या प्रयोगशाळेत तपासून आणत होते.

"साहेब, कागद इंग्रजीत आहे. काच आहे का हो?"

काच नव्हती. हिरा खाणीतला, अस्सल होता. रंग मात्र प्रक्रियेने दिलेला होता.

आप्पांना हे समजावायला मला त्यांच्या बागेतच जावे लागले. पपईला बोरॉन कमी पडले, की फळे खडबडीत, वेडीवाकडी होतात आणि आपण बोरॅक्सची फवारणी सांगतो. तेच बोरॉन दहा लाख कणांत एखाददुसरे हिऱ्याच्या कार्बनात शिरले, की हिरा निळा होतो. युरियातला नत्र शिरला, की पिवळा. नत्र बहुतेक हिऱ्यांत असतोच. पण त्याचे कण एकेकटे विखुरलेले असतील तर रंग गडद पिवळा येतो, आणि जोडीजोडीने बसले तर येतही नाही. गुलाबी रंगाला खत लागत नाही. जमिनीच्या पोटात दाबाने हिऱ्याची घडण पिळवटली जाते, त्यातून तो येतो. असे गुलाबी हिरे देणारी ऑस्ट्रेलियातली अर्गाइल खाण २०२० साली बंद झाली. हिरवा रंग येतो खडकातल्या किरणोत्सर्गाने. तो बहुधा वरवरचाच असतो. पैलू पाडताना निघूनही जातो.

निसर्गाला जे जमते ते माणसालाही जमू लागले आहे. विल्यम क्रूक्स या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०४ साली हिरे रेडियमच्या क्षारात ठेवून हिरवे केले. आता यंत्रातून किरणांचा मारा करतात. त्यातून निळा-हिरवा रंग येतो आणि पुढे तापवले की पिवळा, तपकिरी, कधी गुलाबी. दुसरी रीत प्रचंड दाबाखाली सुमारे दोन हजार अंश तापवण्याची. तिने तपकिरी खडा पांढरा होतो. हा माल १९९९ पासून बाजारात आहे. तिसरी रीत म्हणजे नुसता वर पातळ लेप. तो ओरखड्यानेही जातो.

आप्पांच्या खड्याला किरणांचा मारा झालेला होता. असा रंग थंड हवेत राहतो, पण सोनाराच्या ज्योतीला टिकेलच असे नाही. बोरॉनचा निळा तसा उडत नाही. शिवाय बोरॉनच्या हिऱ्यातून वीज वाहते, किरणांनी निळ्या केलेल्यातून वाहत नाही. पण कारखान्यात बोरॉन घालून बनवलेल्या निळ्या हिऱ्यातूनही वीज जाते, त्यामुळे एकाच खुणेवर निकाल देता येत नाही. दुकानातले टोचायचे यंत्र तर फक्त 'हिरा' एवढेच सांगते, आणि ते खोटे नसते.

"मग मला फसवले का?" आप्पांनी विचारले.

मी पावती मागितली. त्यावर सोन्याचा हॉलमार्क, वजन, आणि पुढे 'हिरा, निळा'. हॉलमार्क सोन्याचा, खड्याशी त्याचा संबंध नाही. रंगावर प्रक्रिया केली आहे, हा एक शब्द दुकानदाराने लिहिला नव्हता. प्रक्रिया करणे गुन्हा नाही, पण ती न सांगता विकणे ही फसवणूकच, असे माझे मत मी स्पष्ट सांगितले. भावात किती अंतर पडते पाहा: २०१६ साली जिनेव्हात १४.६२ कॅरटचा एक नैसर्गिक निळा हिरा सुमारे पावणेसहा कोटी डॉलरना विकला गेला. आप्पांची अंगठी त्या मानाने फारच स्वस्तात आली होती. तिथेच शंका यायला हवी होती, हे मात्र मी त्या दिवशी बोललो नाही.

नंदुरबारला उतरलो. गावाबाहेर मिरचीच्या पथाऱ्या लाल पसरल्या होत्या आणि खाटीने डोळे चुरचुरत होते. आप्पांनी वाकून एक मिरची उचलली, मोडली, बोटावर घासून रंग पाहिला.

"ही बघता येते," ते म्हणाले.

तक्रारीचा अर्ज मी त्यांना तिथेच चहाच्या टपरीवर लिहून दिला आणि पावतीची प्रत जोडायला सांगितली. प्रयोगशाळेच्या कागदातल्या चार ओळी मराठीत उतरवून दिल्या, व्याह्यांना दाखवायला. पहिली ओळ त्यांनी दोनदा वाचून घेतली: खडा अस्सल हिरा आहे.