आजीच्या जिफांचे खाने

तळेगाव दाभाडे

चि. सोनूस,


आजीचे सगळे जिफ पाठव म्हणालास, ते पाठवतो आहे. पण खान्यांची नावं बघून बुचकळ्यात पडशील, म्हणून हे पत्र.

संधिवाताने बोटं आखडली तेव्हा आजीला टाइप करणं जमेना. मग ती मला सांगायची, "तो अशोक सराफ पाठव, मान हलवणारा." तो गॅलरीत सापडेपर्यंत ग्रुपवरचं बोलणं लोणावळा लोकलसारखं पुढे निघून गेलेलं असायचं. तेव्हा नट आणि सिनेमे धरून केलेली मांडणी मी मोडली आणि तिच्याच बोलण्यावरून खाने पाडले: 'बरं बरं', 'जेवलास का', 'आता पुरे', 'दृष्ट काढा रे'. 'आता पुरे'मध्ये 'झपाटलेला'तला तात्या विंचू आहे. रामदास पाध्यांनी घडवलेला तो बाहुला आजीचा फार लाडका.

जिफला आवाज नसतो. 1987 साली कॉम्प्युसर्व्ह कंपनीने हा प्रकार काढला, त्यात एका चित्राला रंगही जास्तीत जास्त 256. सगळी भिस्त चेहऱ्यावर आणि बघणाऱ्याच्या आठवणीवर. 'अशी ही बनवाबनवी'मधली साडी नेसलेली लक्ष्मीकांत बेर्डेंची पार्वती दिसली, की आपल्या घरात संवाद आपोआप कानात वाजतो. तुझ्या लेकीला मात्र नुसता साडीतला माणूस दिसेल. म्हणून प्रत्येक फाइलच्या नावात सिनेमा, साल आणि संवादाचे पहिले शब्द लिहिले आहेत. तिला आधी सिनेमा दाखव, मग जिफ. याबाबतीत मी हट्टी आहे.

सिनेमातून असा जिफ कापताना पार्वतीचा पदर खांद्यावर येतो तिथून धरायचं आणि पुन्हा तो तिथे आला की सोडायचं. सांधा दिसला की हसू मरतं. दोन-तीन सेकंदांसाठी अख्खी संध्याकाळ जाते, पण ती मला कधी वाया गेल्यासारखी वाटली नाही. आपल्या मळवलीच्या रविवर्मा प्रेसची कामं केलेल्या दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी कुंडीतला वाटाणा उगवताना टिपला होता, तीही एवढीशीच फिल्म.

व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलं की जिफचा मुका व्हिडिओ होतो आणि फाइलचं नाव जातं. म्हणून सगळं ड्राइव्हवर ठेवलंय, तिथूनच उतरवून घे. तुझ्याकडचे काही असतील तर 'नवीन'मध्ये टाक. कुठल्या खान्यात जायचं ते आजी ठरवेल.

तुझा,
काका