शाक, मलम आणि मात्रा

हल्लीं घरोघरीं आरशापुढें कुंकवाच्या करंड्याशेजारीं एक लहानशी नळी दिसूं लागली आहे. तीवर 'रेटिनॉल' किंवा 'ट्रेटिनॉइन' असें नांव छापलेलें असतें. आमचें आयुष्य शिक्षकी पेशांत गेलेलें. त्यामुळें अपरिचित शब्द दिसला कीं त्याची व्युत्पत्ति शोधल्याखेरीज आम्हांस चैन पडत नाहीं. 'रेटिना' म्हणजे डोळ्यांतील दृष्टिपटल, आणि त्यावरून 'रेटिनॉल' हें अ जीवनसत्त्वाचें नांव. दृष्टीशीं निगडित असलेलें हें नांव चेहऱ्याच्या मलमावर कसें आलें, याचा शोध घेतां घेतां जें हातीं लागलें, तें वडीलधाऱ्यांनीं व लेकीसुनांनीं सारखेंच जाणून घेण्याजोगें आहे.

१९१३ सालीं अमेरिकेंत मॅक्कॉलम व डेव्हिस यांनीं लोणी व अंड्याचा बलक यांतील एक स्निग्धांत विरघळणारें द्रव्य वाढीस अवश्य असल्याचें दाखविलें. तेंच पुढें अ जीवनसत्त्व ठरलें. त्याच्या अभावीं रातांधळेपणा येतो, हें बहुतेकांस ठाऊक असतें. परंतु १९२५ सालीं वोलबाख व हाउ यांनीं या द्रव्यास मुकलेले उंदीर तपासले, तेव्हां श्वासनलिकेसारखीं ओलसर अस्तरें शुष्क व शिंगासारखीं कठीण झालेलीं आढळलीं. १९३३ सालीं निकोल्स या डॉक्टरानें निकृष्ट अन्नावर राहणाऱ्यांच्या हातापायांवर उठणाऱ्या खरखरीत कांट्यांचें वर्णन करून त्या विकारास 'बेडकाची कातडी' अशा अर्थाचें नांव दिलें. इतर पोषक द्रव्यांची उणीवही त्यास कारण होते, असें आतां मानतात. त्वचेची पेशी तळच्या थरांत जन्मते, वर सरकते, कठीण होते व सुमारें महिन्याभरांत गळून पडते. शरीर अ जीवनसत्त्वापासून रेटिनोइक आम्ल बनवितें, आणि तें पेशीच्या केंद्रांत जाऊन या साऱ्या वाढीस शिस्त लावतें. वर्गांत शिक्षक नसला म्हणजे जें होतें, तेंच या आम्लाच्या अभावीं त्वचेंत होतें.

आपल्या शाकाहारी पंक्तींत हें सत्त्व दूधतुपांतून थोडें येतें; बाकीचें शेवग्याचा पाला, माठ, पालक, गाजर, तांबडा भोपळा, आंबा, पपई यांतील कॅरोटिनपासून शरीर स्वतः घडवितें. भाजीवर तेलाची फोडणी पडली म्हणजे तें अधिक शोषलें जातें. येथें निसर्गाची योजना पाहण्यासारखी आहे. कॅरोटिन कितीही पोटांत गेलें तरी शरीर गरजेपुरतेंच त्याचें जीवनसत्त्व करितें. गाजरांचा अतिरेक झाला तर तळहात पिवळसर होतात, डोळे मात्र पांढरेच राहतात, आणि अपाय होत नाहीं. तयार जीवनसत्त्वाची गोष्ट निराळी. १५९७ सालीं उत्तर ध्रुवाकडे अडकलेल्या बॅरेंट्स याच्या डच खलाशांनीं अस्वलाचें यकृत खाल्लें. ते आजारी पडले आणि तिघांची कातडी नखशिखांत सोलून निघाली. त्या यकृतांत अ जीवनसत्त्वाचा प्रचंड सांठा असतो, हें १९४३ सालीं सिद्ध झालें. शाकांतील मात्रा शरीर मोजतें. तयार द्रव्याची मात्रा आपणच मोजावयाची असते.

नळींतील मलम या दुसऱ्या वर्गांतलें. १९६९ सालीं क्लिगमन व त्यांचे सहकारी यांनीं रेटिनोइक आम्लाचा मुरुमांवर होणारा गुण प्रसिद्ध केला. ट्रेटिनॉइन म्हणजे तेंच आम्ल. रात्रीं, वाटाण्याएवढें, डॉक्टरांच्या सल्ल्यानें लावावें; आरंभीं त्वचा कोरडी होऊन सालपटें निघतात; उन्हाचा दाह अधिक जाणवतो; गुण यावयास दोन-तीन महिने लागतात. औषध उत्तम आहे. परंतु आपल्याकडे ट्रेटिनॉइन, हायड्रोक्विनोन व स्टेरॉइड यांचें मिश्रण 'गोरें होण्याचें क्रीम' म्हणून सर्रास वापरलें जातें. आमच्या परिचयाच्या एका घरीं नव्या सुनेनें तें मैत्रिणीच्या सांगण्यावरून कित्येक महिने लावलें. पुढें चेहरा लाल होऊन आग होऊं लागली, तरी बिचारी लाजेनें बोलेना. तिच्या सांवळेपणाचा उल्लेख त्या घरांत मुलगी पाहण्याच्या दिवसापासून चाललेला होता. मलम तिनें लावलें खरें. लावावयास कोणीं लाविलें, हें सुज्ञांस सांगणें नको.

याहून गंभीर गोष्ट पोटांत घेण्याच्या गोळ्यांची. तीव्र मुरुमांवरील आयसोट्रेटिनॉइन गर्भास घोर व्यंग आणूं शकतें. तें चालू असतां आणि बंद केल्यावर निदान एक महिना गर्भ राहतां कामा नये. सोरायसिसवरील ॲसिट्रेटिनच्या बाबतींत हीच मुदत तीन वर्षांची आहे. लावण्याचें मलम अंगांत फारसें भिनत नसलें तरी गर्भारपणीं तेंही टाळावें, असाच डॉक्टरांचा सल्ला असतो. आपल्या घरांत पाळणा हलावा म्हणून नवस बोलले जातात, पण सून कोणती गोळी घेते हें कोणी आपुलकीनें विचारीत नाहीं. आणि धाक असलेल्या घरांत ती आपण होऊन सांगतही नाहीं.

औषधाचा दुरुपयोग झाला कीं तेंच विष होतें, हा विचार चरकसंहितेंतच आलेला आहे. तेव्हां ताटांत पालेभाजी रोज असावी, मलम-गोळी डॉक्टरांस विचारूनच घ्यावी, आणि मुलीच्या वर्णाची चर्चा घरांत कोणींही, विशेषतः आम्हां वृद्धांनीं, करूं नये. या तिसऱ्या पथ्यास पैसा लागत नाहीं. तरीही तेंच सर्वांत कमी पाळलें जातें.