सकाळची बेगमी

ठाणे, २ जून

चि. सोनू,


शाळा उघडायला पंधरवडाही उरला नाही, आणि तू फोनवर ‘मावशी, फ्रीझरमध्ये काय काय राहतं ते सांग’ म्हणून मोकळी झालीस. मागे कुकरची शिटी, मध्येच धाकटीचं रडणं. तेव्हा काय सांगणार? म्हणून लिहितेय.

तुझी खरी अडचण माझ्या लक्षात आलीय. सरकारनं २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊनंतर भरवायला सांगितले. धाकटीची झोप झाली, छानच झालं. पण थोरला सातवीत, त्याची बस पावणेसातला. म्हणजे तुमच्या घरात रोज दोन सकाळी उजाडतात, आणि दुसरी उजाडते तेव्हा तू लोकलमध्ये असतेस. तो दुसरा नाश्ता जावईबापूंनाच करायचाय. तेव्हा माझं सांगणं एवढंच, की ज्याचं शेवटचं काम तुझ्यावाचून होईल तेच फ्रीझरमध्ये ठेव. बाकीचं ठेवलंस तर नुसती जागा अडेल.

आता थालीपीठ घे. रविवारी भाजणी भिजवून दहा-बारा थाप, दोन्ही बाजूंनी अर्धंकच्चं भाज, पूर्ण गार होऊ दे आणि मध्ये बटर पेपर घालून रचून ठेव. सकाळी ते तसंच गोठलेलं मंद तव्यावर टाकायचं, कडेनं तेल, वर झाकण. बाहेर काढून मऊ होण्याची वाट पाहायची नाही. काकडी मात्र घालू नकोस. गोठताना तिच्या पेशी फुटतात, मग सगळं पाणी तव्यावर येतं आणि थालीपीठ चिकट होतं. कांदाही बेतानंच.

इडल्या केल्यास की ताटात सुट्या मांडून आधी गोठव, मगच पिशवीत भर. नाहीतर सगळ्यांचा मिळून एक दगड होतो. सकाळी आठ-दहा मिनिटं वाफ दिली की झालं. पीठ गोठवण्यापेक्षा इडल्याच गोठवलेल्या बऱ्या. आंबलेलं पीठ एकदा गोठलं की पहिल्यासारखं फुगत नाही. मुगाच्या धिरड्याला आंबवायचंच नसतं, त्याचं वाटण खुशाल डब्यात ठेव. फक्त आदल्या रात्री खालच्या कप्प्यात उतरवायची आठवण हवी. कोथिंबीर वडीचे उंडे उकडून, कापून ठेवले की सकाळी थोड्या तेलात परतायचे. माझ्या मते फ्रीझरसाठी यासारखा दुसरा पदार्थ नाही. पुरणपोळीही सुरेख राहते, पण ती उरली तर ना!

पोहे गोठवायच्या भानगडीत पडू नकोस, चामट होतात. पोहे करायला वेळ लागतच नाही. वेळ जातो कांदा चिरण्यात आणि नारळ खवण्यात. म्हणून कांदा, मिरची, कढीपत्ता, हळद अशी फोडणी सढळ तेलात करून बर्फाच्या ट्रेमध्ये ओत. (ट्रे जुना घे. हळदीचा डाग जात नाही.) खवलेला नारळ चपट्या पिशवीत भर, दाणे भाजून बरणीत ठेव. मग कढईत त्या फोडणीच्या दोन वड्या टाकून वर भिजवलेले पोहे घातले, की थोरलासुद्धा एकटा करील. उपम्यालाही हीच फोडणी चालते.

उकडलेल्या बटाट्याच्या फोडी आणि उकडलेली अंडी अजिबात नकोत. बटाटा स्पंजासारखा होतो, अंड्याचा पांढरा भाग रबरासारखा.

पोळ्यांचं तुला खरं वाटणार नाही. उरलेली पोळी तू फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवतेस, आणि तिथंच ती सगळ्यात लवकर वातड होते. शिजलेल्या पिठातला स्टार्च चार-पाच अंशांच्या आसपास भराभर घट्ट होत जातो. उणे अठराला ते जवळजवळ थांबतं. तेव्हा मेथीचे पराठे ठेवायचे तर थेट वर.

स्वच्छतेचं दोनच ओळींत सांगते. गरम डबा आत ढकलू नकोस, पण ओट्यावरही दोन तासांवर राहू देऊ नकोस. गारठ्यानं जंतू मरत नाहीत, नुसते निजतात, म्हणून एकदा वितळलेलं परत गोठवायचं नाही. आणि वीज जाऊन आली की कळावं म्हणून एका वाटीत पाणी गोठवून वर रुपया ठेव. रुपया बुडालेला दिसला तर समजायचं, आत सगळं वितळून पुन्हा गोठलंय.

सासूबाई ‘मुलांना शिळं घालतेस?’ म्हणतील. म्हणू देत, वाद घालू नकोस. फोडणीची पोळी त्यांनीच तुझ्या नवऱ्याला लहानपणी खाऊ घातलेली असणार. शिवाय भाजणी, मेतकूट, सांडगे म्हणजे तरी काय, पुढच्या घाईची आधीच केलेली बेगमीच ना? उन्हाळाभर गच्चीवर राबून त्यांनीही तेच केलं. भाजणी त्यांच्याच हातची मागून घे. धान्य किती भाजायचं ते त्यांच्याइतकं मलाही कळत नाही, आणि त्यांनी भाजलेल्या पिठाच्या थालीपिठाला त्या शिळं म्हणायच्या नाहीत.

प्रत्येक डब्यावर पदार्थाचं नाव, तारीख आणि करायची कृती चिकटव: ‘थालीपीठ. मंद आच. झाकण. पाच मिनिटं.’ तुला हे सगळं पाठ आहे, म्हणूनच लिहायला हवं. नाहीतर आठ वाजता गाडीत फोन वाजेल, ‘तेल आधी की नंतर?’ महिन्याच्या आत सगळं संपव. त्यापुढे बिघडत नाही, पण चव उतरते.

दर रविवारी सगळं करायला बसू नकोस. एक रविवार, एकच पदार्थ, तोही दुप्पट. चौघं मिळून करा. थोरल्याला कागद कापायला बसव, धाकटीला इडल्या मोजायला.

शनिवारी येतेस ना? कोथिंबीर सध्या महाग आहे, तरी दोन उंडे करून ठेवते. येताना माझे ते दोन चपटे डबे मात्र आण, आमरस भरायचा खोळंबलाय.

तुझी,
मावशी